कृषी महाविद्यालयाच्या कार्यक्रमाला जाताय? मग आपल्या रानातला एक प्रश्न सोबत न्या

विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाचं पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या कार्यक्रमांचं पत्रक आलं की मी पेन घेऊनच वाचायला बसतो. त्यात सगळं एकत्र असतं, शिवारफेरी (म्हणजे प्रयोगाच्या प्लॉटमधून फिरून पिकं बघणं), माती परीक्षणाचं शिबिर, रोपविक्री, कलमं बांधायचा कोर्स, मधमाशीपालनाचं प्रशिक्षण, मुलांसाठी ओपन डे, एखादं संध्याकाळचं व्याख्यान, आणि सगळीकडेच जायचं म्हटलं तर कुठलंच धड होत नाही. बरेच जण जातात, स्टॉल बघतात, पिशवीभर माहितीपत्रकं आणतात, आणि पिशवी घरी खुंटीला लागते ती लागतेच. मला मनापासून वाटतं की ही माणसं, ही प्लॉटं, ही लॅब आपल्यासाठीच उघडी असते तर तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला हवा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी निवड करा. रानात काहीतरी अडलंय आणि उत्तर हवंय तर शिवारफेरीला जा, हाताला कसब हवंय तर कोर्सला जा, आणि नुसतं कान टाकून यायचं असेल तर व्याख्यान. कोर्सला जागा कमी असतात कारण एका शिकवणाऱ्याभोवती पंधरा-वीसच्या वर माणसं उभी राहिली की मागच्याला चाकू कसा धरलाय ते दिसतच नाही, त्यामुळे नोंदणी सुरू झाल्या झाल्या नाव टाकायचं, आणि जमणार नसेल तर वेळेत रद्द करायचं, वेटिंगला कोणीतरी असतं. शिवारफेरीची तारीख मात्र पिकाकडे बघून ठरते, म्हणजे प्लॉटमधला फरक डोळ्यांना दिसायला लागला पण कापणी अजून झाली नाही अशा आठवड्यात, म्हणून पावसामुळे ती पुढे गेली तर चिडू नका. फोन करून दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. चालणं किती आहे, म्हातारी माणसं सोबत असतील तर ट्रॉलीची सोय आहे का, पाऊस आला तर कार्यक्रम हॉलमध्ये होतो का रद्द होतो. सर्टिफिकेट कुठे दाखवायचं असेल तर ते कोणाकोणाला चालतं हेही आधीच विचारा, नंतर वाद नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाताना आपल्या रानातला एक प्रश्न घेऊन जा, एकच, पण पक्का.

"पीक पिवळं पडतंय, काय करू" हा काही प्रश्न झाला नाही, याला समोरचा माणूस दहा कारणं सांगेल आणि दहाही बरोबर असतील. त्यापेक्षा कागदावर लिहून न्या की वाण कोणता, पेरणी कधीची, काय काय टाकलं आणि कधी, पाणी किती दिवसांनी देताय, पिवळेपणा सगळ्या वावरात आहे का सखल भागातच, आणि पहिल्यांदा जुनी पानं पिवळी पडली का नवी. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. नत्र कमी पडलं की झाड खालच्या जुन्या पानांतून ते काढून शेंड्याकडे नेतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहजासहजी सरकत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की कोवळी पानं पिवळी दिसतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. एवढं नीट सांगितलंत तर निम्मं निदान तिथंच होतं. मोबाईलमध्ये तीन फोटो ठेवा, लांबून वावराचा, एका अख्ख्या झाडाचा, आणि पानाच्या खालच्या बाजूचा अगदी जवळून, कारण मावा, कोळी, पांढरी माशी सगळं खालीच बसलेलं असतं.

माती परीक्षणाचं शिबिर असेल तर नमुना नीट काढा, नाहीतर रिपोर्ट कितीही चांगल्या लॅबचा असला तरी तो आपल्या रानाचा नसतो. वावरात नागमोडी चालत आठ-दहा तरी जागा धरायच्या, बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा जुना ढीग, पाटाची कड हे सगळं टाळायचं. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्यायचा, हंगामी पिकासाठी साधारण १५ ते २० सेंटिमीटर, आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढायची, नुसती वरची माती खरवडायची नाही. फळबागेसाठी जास्त खोल आणि थराथराने घ्यावी लागते, ते लॅबला विचारून घ्या. सगळी माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो आणि मग जस्ताचा आकडा बिघडतो. ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं पुन्हा मिसळून पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा, उन्हात नको. खताच्या रिकाम्या पिशवीत तर अजिबात भरू नका. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीनं पसरते. काळी आणि मुरमाड जमीन एकाच वावरात असेल तर नमुने दोन. नुकतंच खत टाकलं असेल तर थांबा, पुढच्या शिबिराला द्या.

रिपोर्ट हातात आला की सामूचा, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे ते सांगणारा पीएचचा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. हे मोजमाप दहाच्या पटीतलं आहे, ७ च्या मानाने ६ म्हणजे दहापट आम्ल, त्यामुळे अर्ध्या आकड्याचा फरकसुद्धा किरकोळ नसतो. रिपोर्ट घेऊन टेबलापाशी बसलेल्या माणसाला विचारा की यातला कुठला आकडा माझं पीक अडवतोय.

रोगट झाड दाखवायचं असेल तर मेलेलं आणू नका, त्यावर नंतर आलेली बुरशीच सापडते. रोग चढतोय पण झाड जिवंत आहे असं, मुळासकट, खोदून काढलेलं, उपटलेलं नाही. धुवायचं नाही, ओलं करायचं नाही, कोरड्या कागदात गुंडाळायचं आणि मग पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, शेजारचं एक निरोगी झाडही वेगळं आणलं तर उत्तम. आणि पिशवी प्लॉटजवळ उघडू नका! थेट निदानाच्या टेबलावर. याच कारणाने बूटही घरूनच धुऊन जायचं आणि परत आल्यावर पुन्हा धुवायचे, मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) तळव्याला चिकटलेल्या मातीतून प्रवास करतात, आपल्या रानातून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून आपल्याकडे.

आता प्रत्यक्ष शिवारफेरी. इथे प्लॉट वाचता आला पाहिजे, आणि ते अवघड नाही. प्लॉटच्या तोंडाशी पाटी असते, त्यावर वाण किंवा खताची मात्रा, आणि आर १, आर २, आर ३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा आर म्हणजे तीच गोष्ट पुन्हा किती ठिकाणी लावलीय ते. एकाच जागी लावलेला वाण जोमदार दिसला तर त्याला काही अर्थ नाही, तिथली जमीनच चांगली असेल, पण चार वेगवेगळ्या जागी लावून चारही ठिकाणी तो पुढे असेल तर मग मानायचं. त्या जागाही चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवतात, आपल्या सोयीने नाही. ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी घालून दिली, ते १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात कामाला लागले आणि तिथल्या जुन्या प्रयोगांचे आकडे तपासता तपासता हे सगळं उभं राहिलं. त्याच रोथमस्टेडमध्ये १८४३ मध्ये सुरू झालेला गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे आणि त्यात एक पट्टा असा आहे की ज्याला तेव्हापासून खत दिलेलंच नाही. हा बिनखताचा पट्टा म्हणजे कंट्रोल. तुम्ही जिथे जाल तिथे पहिल्यांदा विचारा, कंट्रोल कुठाय? तो दाखवला नाही तर बाकीचं कौतुक कशाच्या तुलनेत करायचं.

अशा प्लॉटची किंमत कळण्यासाठी एक सांगतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात १८७६ पासूनचे मक्याचे प्लॉट आहेत, मॉरो प्लॉट्स म्हणतात, शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ती अख्खी जमिनीखाली बांधली. म्हणून फेरीत दोरीच्या आत पाय टाकू नका, कणीस तोडून बघू नका, एक कणीस गेलं तरी कोणाच्या तरी वजनाच्या नोंदीत फरक पडतो. लाल झेंडी किंवा फवारणीची पाटी असेल तर लांबूनच. कडेच्या ओळींवरून मत बनवू नका, त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो म्हणून त्या नेहमीच जोरात दिसतात, आतल्या ओळी बघायला मिळतील का विचारा.

उत्पन्नाचे आकडे सांगितले की दोन गोष्टी विचारायच्या, दाण्यातला ओलावा किती धरून काढलेत आणि क्रांतिक फरक किती आहे, म्हणजे किती फरकापर्यंत तो नुसता योगायोग असू शकतो. दोन वाणांतला फरक या क्रांतिक फरकापेक्षा कमी असेल तर ते दोघे सारखेच समजायचे, तक्त्यात एक वर आणि एक खाली लिहिलेला असला तरी.

आणि एक, मोठ्या साहेबांभोवती गर्दी असते पण मागे उभी असलेली एम.एस्सी., पीएच.डी.ची मुलं आणि प्लॉटवर काम करणारे मजूर यांना सोडू नका, रोज सकाळी त्या ओळींतून हीच माणसं फिरतात. एका फेरीत मी सोयाबीनच्या प्लॉटपाशी मागे राहिलो होतो, तिथे काम करणाऱ्या एका मावशींनी कडेचं एक झाड खुरप्याने हलकेच काढलं, मुळं हातावर झटकली, एक गाठ नखाने फोडली आणि म्हणाल्या, "बघा दादा, आतून गुलाबी हाय, म्हंजी चालू हाय." खरंच आतून गुलाबी, जवळपास रक्तासारखी. गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र धरत असतील तर हा रंग येतो, पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद. नंतर मी शेजारच्या, नत्र जास्त दिलेल्या प्लॉटबद्दल विचारलं तर म्हणाल्या तिथं गाठीच कमी. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींवर खर्च करत नाही, हे मी वाचलेलं होतं, पण तळहातावर बघितल्यावर जे कळलं ते वेगळंच. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी माझ्या रानातली पाच झाडं काढून फोडली.

शास्त्रज्ञांना "सगळ्यात चांगला वाण कुठला" असं विचारण्यापेक्षा "यंदा काय फसलं" असं विचारा. फसलेल्या प्लॉटबद्दल माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि आपले पैसे वाचतात ते तिथेच.

ओपन डेला मुलांना न्या पण त्यांच्या हाताला काम मिळेल असं बघा. उगवण चाचणी सगळ्यात सोपी, ओल्या कागदावर १०० बिया मांडायच्या, गुंडाळी करून उबेत ठेवायची, आणि त्या पिकाला लागतात तेवढ्या दिवसांनी मोजायच्या, ८५ उगवल्या तर ८५ टक्के. गुंडाळी घरी नेऊ देतात का विचारा, मुलं रोज उघडून बघतात.

परत आल्यावर त्याच रात्री वहीत लिहून काढा, दुसऱ्या दिवशी पाटीवरची मात्रा आठवत नाही. मग जे पटलं ते एकदम सगळ्या रानात करू नका. तीन पट्टे नव्याचे, त्यांच्या मधे मधे तीन पट्टे नेहमीच्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना खुंट्या, आणि कापणीला प्रत्येक पट्टा वेगळा मोजायचा. ते सहा आकडे आणि पट्ट्यांचे फोटो पुढच्या फेरीला घेऊन जा, ज्यांनी प्लॉट दाखवला होता त्यांच्याच हातात द्या, आणि विचारा की तुमच्याकडे एवढं आलं आणि माझ्याकडे एवढंच का आलं.