मायक्रोवेव्ह शोषणाऱ्या फोमवर काम करायचंय? आधी मोजायला शिका

एमएस्सी करून मायक्रोवेव्ह अ‍ॅब्सॉर्बरकडे वळणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण मला सुरुवातीला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि माझे बरेच महिने गेले.

नुसतं ग्राफीन (कार्बनचे एका अणूइतके पातळ पापुद्रे) दाबून भरलं की ते जवळपास धातूसारखं वागतं, लहर वरूनच परत फिरते, आत शिरलीच नाही तर शोषणार काय? म्हणून पोकळ्या हव्यात. ग्राफीन ऑक्साईड पाण्यात मिसळून गोठवायचं, मग फ्रीझ ड्रायरमध्ये बर्फ थेट वाफ होऊन उडून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. त्यांच्यातल्या हवेमुळे परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला मटेरियल किती प्रतिसाद देतं तो आकडा) खाली येते, इम्पीडन्स (लहरीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर) मोकळ्या हवेच्या 377 ओहमच्या जवळ सरकतो आणि लहर आत जाते. (मधेच लाइट गेली तर बर्फ वितळून सगळं बसतं, त्यामुळे बॅकअप आहे का ते आधी बघा.)

आता माझी चूक. रिसर्च पेपरांत बघून मी तो फोम कुटला, पॅराफिन मेणात कालवला, 7 मिमी बाहेरचा व्यास आणि 3.04 मिमी आतला अशी मोजण्यासाठी रिंग पाडली, आकडे झकास आले. सरांनी एवढंच विचारलं, यात फोम कुठाय? खरंच होतं ते, पोकळ्या कुटताना मोडल्या आणि उरल्यासुरल्यात मेण भरलं, मी मोजत होते पावडर. मग अख्खा फोम 22.86 बाय 10.16 मिमी कापून एक्स-बँड (8 ते 12 गिगाहर्ट्झ) वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहर नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत, बसवायला शिकले, कडेला जराशी फट राहिली तरी परमिटिव्हिटी कमी दिसते, त्यामुळे नवीन ब्लेड वापरा आणि घाई करू नका.

परत येणारी लहर उणे किती डीबी (डेसिबल) आली याच्या मागे फार लागू नका. उणे 10 म्हणजे 90 टक्के, उणे 20 म्हणजे 99 टक्के ऊर्जा परत येत नाही, त्याखाली प्रत्यक्षात फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा उणे 10 च्या खाली किती गिगाहर्ट्झचा पट्टा मिळतो आणि किती जाडीत, ते बघा. जाडी साधारण पाव तरंगलांबीइतकी लागते; 10 गिगाहर्ट्झला ती हवेत 7.5 मिमी, मटेरियल चुंबकीय नसेल तर तिला परमिटिव्हिटीच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे परमिटिव्हिटी 14 असेल तर साधारण 2 मिमी पुरतात पण फोमची 4 असेल तर 3.75 मिमी लागतात. हलकं म्हणताना घनता नको, दर चौरस मीटरला वजन किती ते काढा.

आणि रोज व्हीएनए (लहर किती परत येते, किती पार जाते ते मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट केल्यावर आधी टेफ्लॉनचा तुकडा लावा, परमिटिव्हिटी 2 च्या आसपास आली तरच आपलं सॅम्पल घाला.