मोटरसायकलच्या चॅसीला टिकाऊ रंग हवा असेल, तर या चुका टाळा

जुनी मोटरसायकल पूर्ण सुटी करून नव्याने उभी करताना इंजिनावर खर्च करायला कोणी मागेपुढे पाहत नाही. चॅसीच्या रंगाचा विषय निघाला, की मात्र ‘सगळे सुटे भाग पावडर कोटिंगला टाकून द्या’ एवढ्यावर निकाल लागतो. पावडर कोटिंग वाईट नाही, किंबहुना चॅसी, चिमटा (मागचे चाक धरणारा भाग) आणि स्टँड यांच्यासाठी बहुतेक वेळा तेच योग्य ठरते. परंतु टाकी, सायलेन्सर, एक्सल आणि नटबोल्ट यांनाही त्याच रांगेत उभे करणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण उष्णता, ताण, पेट्रोल आणि ओलावा यांचा मारा प्रत्येक भागावर सारखा नसतो.

कोटिंगपूर्वीची घाई

पावडर धातूवर विद्युतभाराने चिकटते आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून तिचा अखंड थर होतो. थर चढल्यावर वेल्डिंग करायची वेळ आली, तर तेवढा भाग जळतो आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. म्हणून चिरलेले सांधे, वाकलेले ब्रॅकेट आणि झिजलेली स्टँडची भोके आधी दुरुस्त करून, इंजिन व चाके एकदा चॅसीत बसवून पाहावीत आणि मगच ती कोटिंगवाल्याच्या स्वाधीन करावी.

त्याच्याकडे गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा नसावा, तर चॅसी कशी साफ करणार याचा असावा. अनेक ठिकाणी सात टाक्यांची पद्धत असते : तेल काढणे, आम्लात गंज उतरवणे, फॉस्फेटचा थर देणे आणि मधूनमधून पाण्याने धुणे. सपाट पत्र्यासाठी ती उत्तम आहे. चॅसीच्या पोकळ नळ्यांत मात्र आम्ल शिरले, की ते धुऊन पूर्ण निघेलच याची खात्री नसते, आणि काही महिन्यांनी एखाद्या सांध्यातून तपकिरी ओघळ दिसू लागतो. असा ओघळ बाहेरून रंगाने झाकण्यात अर्थ नाही, कारण गंज आतून येत असतो. चॅसीसाठी ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा करून गंज आणि रंग उतरवणे, सुरक्षित. फक्त चॅसी नंबरावर ते करू देऊ नये. नंबराची खोली आधीच कमी झालेली असते, त्यात ब्लास्टिंगचा मारा आणि वर जाड थर बसला, तर आरटीओच्या तपासणीत तो वाचता येत नाही.

ब्लास्टिंगनंतर उघडे पडलेले करडे लोखंड फार काळ तसे राहत नाही. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, काही तासांतच त्यावर गंजाची पिवळसर झाक येते. उघड्या हाताने पकडले, तर बोटांचे ठसेही उमटतात. या झाकेवर कोटिंग केले, तर ते पहिले काही महिने झकास दिसते आणि मग पापुद्र्यासारखे सुटते. ज्याच्याकडे ब्लास्टिंग आणि कोटिंग दोन्ही एकाच दिवशी, एकाच छपराखाली होते, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

कोणती पावडर, हे विचारा

लोखंडी कपाटे आणि घरातल्या फर्निचरसाठी वापरली जाणारी इपॉक्सी-पॉलिस्टर मिश्र पावडर स्वस्त असते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर ती निस्तेज होते आणि बोट फिरवले, तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. बाहेरच्या वापरासाठी शुद्ध पॉलिस्टर मागावी आणि समुद्रकाठच्या गाडीला तिच्याखाली जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमरचा थर द्यावा. नुसती इपॉक्सी गंज छान रोखते, पण तिलाही ऊन सोसत नाही, म्हणून ती खालच्या थरातच शोभते.

झाकायच्या जागांची यादी कोटिंगवाल्यावर सोडू नये. कोनसेटच्या (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगच्या) वाट्या बसतात ती नळी, चिमट्याच्या बुशांची भोके, आटे, इंजिन जिथे घट्ट आवळले जाते ते पृष्ठभाग आणि वायरिंगच्या अर्थची जागा, या साऱ्यांवर उष्णता सोसणारी टेप किंवा सिलिकॉनची बुचे लागतात. आवळलेल्या दोन भागांमध्ये जाड थर राहिला, तर तो हळूहळू दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट सैल होतो. आणि ‘कोटिंगनंतर दिवे मंद झाले, स्टार्टर कधी उचलतो कधी नाही’ अशी तक्रार आली, तर बॅटरी बदलण्याआधी अर्थच्या जागेवरचा रंग खरवडून पाहावा.

जे भट्टीत जाऊ नये

पेट्रोलच्या टाकीवर पूर्वी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल, तर भट्टीत तिला फोड येतात; जुन्या टाकीचा खड्डा शिशा-कथिलाने भरला असेल, तर ते मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागते. उरलेल्या पेट्रोलच्या वाफेचा धोका तर आहेच. टाकी आणि मडगार्डसाठी इपॉक्सी प्रायमरवर हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगच योग्य. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पेट्रोल सांडले, की तो मऊ पडतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून घरच्या अंगणात हा रंग मारणे हा शुद्ध अविचार होय.

सायलेन्सरला साधी पावडर टिकत नाही. तिथे सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग लावून तो टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. चकचकीत एक्सल आणि बोल्टांचा मोह तर आवराच. १०.९ आणि १२.९ प्रतीच्या कठीण बोल्टांना आम्लात बुडवून जस्त किंवा क्रोम चढवले, तर पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि बोल्ट ताणाखाली अचानक तुटू शकतो. असे बोल्ट नवेच घ्यावेत. हँडलसारख्या भागावर क्रोम करताना कारागिराला निकेलबद्दल विचारावे, कारण वरचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि गंज रोखण्याचे खरे काम खालचे निकेल करते.

खडा उडून पावडरला टवका गेला, तर त्यावर नुसता काळा रंग फासू नये. टवक्याच्या कडेने पाणी आत शिरते आणि थराखालून गंज पसरत जातो. सुटलेली कड पक्क्या थरापर्यंत कापून, धातू पांढरा होईपर्यंत घासून, ब्रशने इपॉक्सी प्रायमर आणि तो वाळल्यावर पीयू लावावा. सगळे जोडायच्या आधी चॅसीच्या नळ्यांत मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि खालची निचऱ्याची भोके कोटिंगने बुजलेली नाहीत ना, हे तार घालून पाहावे.