ऑफिसात किंवा प्लँटमध्ये पर्यावरणाची आयडिया पुढे कशी न्यायची

बऱ्याच जणांना वाटतं की हे काम ईएचएसवाल्यांचं (म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा बघणाऱ्या विभागाचं), आपण कशाला मध्ये पडायचं. पण वाया काय जातंय ते मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसालाच आधी दिसतं. थ्रीएम कंपनीने 1975 मध्ये प्रदूषण मुळातच कमी करायची जी योजना चालू केली ती कर्मचाऱ्यांनी स्वतःहून दिलेल्या आयडियांवरच उभी राहिली, म्हणजे हे काही नवीन नाहीये.

सगळ्यात आधी एकच गोष्ट पकडा. "कंपनी ग्रीन करूया" असं म्हणत गेलात तर सगळे माना डोलावतात आणि तिथेच विषय संपतो. आपल्याच डिपार्टमेंटमधलं, रोज डोळ्यासमोर वाया जाणारं काहीतरी घ्या.

मग मोजा. इथेच बहुतेक जण कंटाळा करतात, आणि खरा जोर इथेच आहे. उदाहरण म्हणून कंप्रेस्ड एअर घ्या, कारण हवा फुकट असते असं सगळ्यांना वाटतं पण ती दाबायला वीज लागते आणि नीट न सांभाळलेल्या लाइनमध्ये 20 ते 30 टक्के हवा नुसती लीक होत असते. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांना सोबत घ्या (एकट्याने अजिबात करू नका), हवा वापरणारी सगळी मशीन्स बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालू करा आणि तो किती वेळ लोडवर (म्हणजे हवा दाबत) आणि किती वेळ अनलोडवर (म्हणजे हवा न दाबता नुसताच फिरत) राहतो ते घड्याळ लावून लिहून काढा, चारपाच सायकल तरी घ्या. समजा 3 मिनिटं लोड आणि 7 मिनिटं अनलोड आलं, तर 10 पैकी 3 म्हणजे 30 टक्के लीकेज. कंप्रेसर 37 किलोवॉटचा असेल तर तासाला साधारण 11 युनिट नुसत्या लीकेजमध्ये चाललेत. लीक शोधायला साबणाचं पाणी पुरतं, सापडला की तिथे टॅग लावायचा.

आता साहेबांकडे जाताना लांबलचक पीपीटी नको, एक पान बास. आत्ता किती वाया जातंय, काय करायचंय, खर्च किती, किती दिवसांत वसूल. आणि परवानगी मागताना पूर्ण प्लँटची मागू नका, एका लाइनवर महिनाभर ट्रायल मागा, एवढ्याला कोणी सहसा नाही म्हणत नाही.

ज्यांच्या हातात ते मशीन आहे त्यांना मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. वीज वाचवायला म्हणून ऑपरेटरला न विचारता हवेचं प्रेशर कमी केलं की तो दुसऱ्या दिवशी परत वाढवणारच, आणि त्याचं चुकत नाही, कारण माल रिजेक्ट झाला तर बोलणी त्यालाच बसतात. त्याला विचारा की किती प्रेशरवर काम नीट होतं. बऱ्याचदा तोच हवा वाया जाणाऱ्या आणखी दोन जागा दाखवतो.

ट्रायल संपली की तसंच परत मोजा, त्याच पद्धतीने. आकडा कमी आला तरी खरा तोच सांगा आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं रिपोर्टमध्ये आधी टाका. लीक परत होतातच, त्यामुळे दर तीन महिन्यांनी हे मोजणं मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये घालून घ्या, म्हणजे तुमची बदली झाली तरी ते चालू राहील.