ब्रिटनमधला पहिला नाताळ: भेटींवर किती खर्च करायचा?

ऑगस्ट-सप्टेंबरात इथे आलेल्या बहुतेक मराठी घरांतून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला एकच फोन येतो. "ताई, इथे नाताळच्या भेटींवर किती खर्च करायचा असतो हो?" आवाजात थोडी धास्ती असते. ऑफिसात काहीतरी चिठ्ठ्या निघालेल्या असतात, मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंसाठी वर्गणी सुरू झालेली असते, आणि शेजारचे दारात एक कार्ड टाकून गेलेले असतात.

आमच्या घरचा आकडा पुढे सांगते. पण नुसता आकडा घेऊन तुमचं भागणार नाही. आपल्याकडे आहेर मनात ठरतो. त्यांनी आपल्याला काय दिलं होतं, आपली ऐपत काय, लोक काय म्हणतील, सगळा हिशोब डोक्यात, आणि तोंडाने मात्र "अहो, कशाला उगाच!" इथे उलटं आहे. भेट कागदात गुंडाळलेली असते, पण रक्कम उघड्यावर ठरते. "या वर्षी दहा पौंडांच्या आत ठेवूया का?" असं सख्खी भावंडं एकमेकांना विचारतात आणि कोणी नाक मुरडत नाही. तेव्हा आधी विचारा, मग दुकानात जा.

हे मी विचारलं नव्हतं. आम्ही २००८च्या ऑक्टोबरात आलो आणि डिसेंबरात माझ्या ऑफिसात सिक्रेट सँटाची चिठ्ठी आली. म्हणजे ज्याचं नाव निघेल त्याला आपण गुपचूप भेट द्यायची. मर्यादा दहा पौंड असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते 'किमान दहा' असं वाचलं असावं, किंवा वाचूनही मनाला पटलं नसावं. येताना आणलेली एक रेशमी ओढणी होती, ती छान डब्यात घालून दिली. भेटी सगळ्यांसमोर उघडायच्या असतात हेही मला ठाऊक नव्हतं. माझ्याआधीच्या मुलीला गमतीचे मोजे निघाले, सगळे हसले. मग समोरच्या बाईंनी डबा उघडला, ओढणीवर हात फिरवला आणि "ओह," म्हणाल्या. टेबलाभोवती दोन सेकंद कोणी बोललं नाही. कोणीतरी घाईने "पुढचं कोणाचं?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कुंडी आली, फुलांसकट. बाईंनी परतफेड केली होती. मी उदारपणा दाखवला असं मला वाटत होतं, त्यांच्या डोक्यावर मात्र मी कर्ज ठेवलं होतं.

संक्रांतीचं वाण आठवा. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना सारखं, छोटं, परतफेडीचं ओझं नसलेलं. सिक्रेट सँटा, शेजारी, मुलांचे मित्र, शाळेतल्या बाई या सगळ्यांना नाताळची भेट द्यायची ती वाण समजून. आहेर फक्त घरातल्या घरात. ही एक विभागणी डोक्यात बसली की अर्धा खर्च आपोआप खाली येतो.

सिक्रेट सँटात भाग घ्यायलाच हवा असं नाही. नको असेल तर चिठ्ठ्या निघण्यापूर्वी सांगा. निघाल्यावर माघार घेतली तर कोणीतरी एक जण रिकाम्या हाताने बसतो. घ्यायचाच असेल तर सांगितलेल्या मर्यादेच्या आत राहा, आणि किमतीचं लेबल नखाने नीट काढा.

शाळेचं प्रकरण जरा मोठं आहे. इंग्लंडमध्ये लहान वर्गांत जास्तीत जास्त ३० मुलं ठेवायचा नियम आहे, आणि डिसेंबरात त्या तिसांना कार्डं द्यायची पद्धत बऱ्याच शाळांत असते. मूल घरी नावांची यादी घेऊन येतं. दोन पाकिटं कार्डं आणा, रोज पाच-सहा लिहून घ्या. एका संध्याकाळी ३० लिहायला बसलात तर मूल आणि तुम्ही दोघंही रडाल. ही कार्डं हातोहात वाटायची असतात, तिकीट लागत नाही. नाताळचा विचित्र स्वेटर घालून जायचा एक दिवस असतो, त्यासाठी नवा स्वेटर घेऊ नका. जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांत (चॅरिटी शॉप) तो नोव्हेंबरपासून टांगलेला असतो, आणि पुढच्या वर्षी तो लहान होणारच असतो. शाळेच्या जत्रेत टोम्बोलासाठी, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीसाठी, एखादी वस्तू मागतात, तेव्हा तुम्हाला भेट आलेली आणि नको असलेली वाइनची बाटली कामी येते. बाईंसाठीच्या वर्गणीत जे सुचवलं असेल ते किंवा त्याहून कमी टाका, कोण किती टाकतं याची यादी फिरत नाही. मात्र घरचा चिवडा शाळेत पाठवू नका. आपल्या चिवड्यात शेंगदाणे आणि काजू असतात, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी इथे फार गंभीरपणे घेतात. बऱ्याच शाळांत तर दाण्यांना मज्जावच असतो.

आता सँटा. हा सल्ला मला कोणी वेळेवर दिला असता तर बरं झालं असतं. मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिला सायकल घेतली आणि हौसेने सांगितलं, सँटाने आणली. जानेवारीत शाळेच्या फाटकाशी एक आई माझ्याजवळ आली. रागावलेली नव्हती, थकलेली होती. तिचा मुलगा घरी जाऊन विचारत होता की सँटाने तिला सायकल दिली आणि मला रंगाची वही, म्हणजे मी वर्षभर वाईट वागलो का? मी काय उत्तर देणार? तेव्हापासून आमच्या घरात सँटा फक्त त्याच्यासाठी टांगून ठेवलेल्या मोज्यात मावेल तेवढंच आणतो: पेन्सिली, चॉकलेटची नाणी, एक संत्रं, एखादी छोटी गाडी. मोठी भेट आई-बाबांची, आणि ती आई-बाबांनी दिली असं मुलांना ठाऊक असतं. श्रेयही आपल्याला मिळतं, ते वेगळंच.

बॅटरीवर चालणारं खेळणं घेतलं तर बॅटऱ्या त्याच दिवशी घ्या. २५ डिसेंबरला इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं उघडायला कायद्यानेच बंदी आहे आणि रेल्वेही जवळजवळ नसतेच. आम्ही एका वर्षी टीव्हीच्या रिमोटमधल्या, भिंतीवरच्या घड्याळातल्या आणि शेवटी वजनकाट्यातल्या बॅटऱ्या काढून एक डायनासोर चालवला होता.

आता पैशाचं. दर नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत 'सरासरी कुटुंब नाताळवर इतका खर्च करतं' असे आकडे येतात. ते वाचून घाबरू नका. कोणी फक्त भेटी मोजतं, कोणी जेवण, दारू, झाड, प्रवास सगळं धरतं. बँक ऑफ इंग्लंडच्या अंदाजानुसार इथलं सर्वसाधारण घर एरवीच्या महिन्यापेक्षा डिसेंबरात सातशेहून जास्त पौंड अधिक खर्च करतं. त्यात टर्कीपासून पार्टीच्या कपड्यांपर्यंत सारं आलं. आपल्यातले बरेच जण दिवाळीत कपडे, फराळ आणि गावी पैसे असं सगळं नुकतंच उरकून बसलेले असतात. दोन्ही सण पूर्ण थाटात करणं इथल्या भाड्यात परवडत नाही, हे मान्य करायला आम्हाला तीन वर्षं लागली.

आमच्या चौघांच्या घरचा गेल्या वर्षीचा हिशोब असा. दोन मुलांना प्रत्येकी ६० म्हणजे १२०. मोज्यातल्या वस्तू दोघांच्या मिळून २४. दोन ऑफिसांचे दोन सिक्रेट सँटा, २०. दोन वर्गांच्या वर्गण्या १०. तीन शेजाऱ्यांना चॉकलेटचे डबे १८. मित्रमंडळींच्या चार मुलांना आठ-आठप्रमाणे ३२. कार्डं आणि टपाल १२. एकूण २३६ पौंड. कागद आणि चिकटपट्टी धरून २४०. आम्ही नवरा-बायको एकमेकांना काही देत नाही. तो दिवाळीला देतो असं म्हणतो. मित्रमंडळींत मोठ्यांनी मोठ्यांना काही द्यायचं नाही, फक्त मुलांना, हा ठराव आम्ही २०१२ साली केला. त्या ठरावाने जेवढे पैसे वाचले तेवढे कुठल्याही सेलने वाचवलेले नाहीत.

२४० म्हणजे महिन्याला २०. जानेवारीपासून बाजूला टाका. खरा फास डिसेंबरच्या पगारात आहे. बऱ्याच कंपन्या डिसेंबरचा पगार नाताळच्या आधीच देतात. खात्यात पैसे दिसतात, हात सैल सुटतो, आणि मग कळतं की पुढचा पगार थेट जानेवारीअखेर. पाच-सहा आठवडे! भाडं, कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) आणि वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्याचं गॅसबिल त्याच काळात येतं. पगार आला त्या दिवशी जानेवारीचं भाडं दुसऱ्या खात्यात हलवा, मग खेळण्यांच्या दुकानात जा.

भिशीची सवय असलेल्यांना इथले ख्रिसमस सेव्हिंग्ज क्लब ओळखीचे वाटतील. वर्षभर थोडे थोडे भरायचे, डिसेंबरात व्हाउचर किंवा खाऊची टोपली घ्यायची. पण २००६च्या ऑक्टोबरात फेअरपॅक नावाचा असा क्लब बुडाला आणि एक लाखाहून जास्त लोकांचे पैसे नाताळच्या तोंडावर अडकले. बँकेतल्या किंवा क्रेडिट युनियनमधल्या (आपल्या पतपेढीसारखी संस्था) ठेवीला जसं सरकारमान्य संरक्षण असतं, तसं त्या पैशाला नव्हतं. साधं बचत खातं उघडा, त्याला हवं तर 'नाताळ' असं नाव द्या. दुकानाच्या काउंटरवर "आमचं कार्ड घेतलंत तर आज दहा टक्के सूट" म्हणतील, त्याला हसून नाही म्हणा. त्या कार्डांचं व्याज फार चढं असतं.

खरेदीचे दोन-तीन नियम तुमच्या बाजूचे आहेत, ते वापरा. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या, काही दोष नसलेल्या वस्तूला मात्र असा हक्क नाही. परत घेणं ही दुकानाची मर्जी, तरी बरीच दुकानं नाताळसाठी मुदत जानेवारीपर्यंत वाढवतात. म्हणून पैसे देताना 'गिफ्ट रिसीट' मागा. त्यावर किंमत नसते, पण भेट मिळालेला माणूस वस्तू बदलून घेऊ शकतो. हे देणं इथे अपमान समजत नाहीत. वस्तू सदोष निघाली तर पूर्ण पैसे परत मागायला ३० दिवस असतात. आणि १०० पौंडांच्या वरची एखादी वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल तर दुकान बुडालं तरी कार्ड कंपनीकडे पैसे मागता येतात. त्या जोरावर उधारी मात्र वाढवू नका, बिल आलं की पूर्ण भरा.

भारतातून आजी-आजोबा पार्सल पाठवतात, तेही लक्षात घ्या. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंत असेल तर आयातीचा व्हॅट लागत नाही. त्याहून जास्त असेल तर दारात एक चिठ्ठी येते, कर भरायचा आणि वर हाताळणीचे पैसेही. "किंमत कमी लिहा" असं त्यांना सुचवू नका, वस्तूच कमी पाठवायला सांगा. पेढे आणि तूप तर पाठवूच देऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून टपालाने आणायला बंदी आहे. माझ्या सासूबाईंचे पेढे एकदा गेले ते गेलेच. त्यांना मी आजतागायत "फार छान होते" असंच सांगितलंय.

जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३मध्ये विद्यार्थ्यांना मिळालेल्या नाताळच्या भेटींचा हिशोब मांडला होता. देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूची किंमत दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंत कमी भरते, असं त्याला दिसलं. सगळ्यात मोठा फरक दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत. काका-मामांनी मनावर घेऊ नये, पण पुतण्यांना दहाची नोट कार्डात घालून दिलेली इथेही चालते. मी सुरुवातीला सवयीने दहाच्या नोटेवर एक पौंडाचं नाणं चिकटपट्टीने लावून द्यायचे, अकरा झाले पाहिजेत म्हणून. शेजारच्या मुलाने एकदा विचारलं, हा एक कशाचा? त्याला सांगितलं, पुढच्या दहाची सुरुवात. आता तो दर वर्षी ते नाणं आहे का हे आधी बघतो.

कचरा नेणाऱ्यांना, दूध किंवा पेपर टाकणाऱ्यांना काही देणं ऐच्छिक आहे. आपल्या दिवाळीच्या पोस्तीसारखंच. २६ डिसेंबरच्या 'बॉक्सिंग डे'चं नावही अशाच ख्रिसमस बॉक्सवरून पडलं असं मानतात. पाच पौंड किंवा बिस्किटांचा डबा पुरे.

त्याच २६ तारखेपासून कार्डं आणि कागद निम्म्या किमतीत मिळायला लागतात. चकचकी लावलेला कागद घेऊ नका, तो पुनर्वापरात जात नाही. मुठीत चुरगळून बघा. उलगडला नाही तर साधारणपणे चालतो. पुढच्या वर्षीची कार्डं तेव्हाच घेऊन ठेवली की दिवाळीनंतर धावपळ होत नाही. आम्ही गेल्या वर्षी चार पाकिटं घेऊन अगदी व्यवस्थित ठेवली आहेत. कुठे, ते मात्र घरात कोणालाच आठवत नाही.