साथीच्या हिवाळ्यात बर्फात जाताय? या चुका टाळा

नाशिककराला आपल्या थंडीचं भारी कौतुक. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की सगळ्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतात. त्यामुळे गुलमर्ग किंवा औलीची टूर ठरली की सगळी चर्चा थर्मल, जॅकेट आणि हातमोजे यांवरच अडकते. साथ चालू असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

पहिली चूक म्हणजे धोका बर्फावर शोधणं. मोकळ्या उतारावर, वाऱ्यात, एकमेकांपासून लांब स्कीइंग करणाऱ्याला संसर्गाची भीती फार कमी. माणूस सापडतो तो उतारापर्यंत पोचताना आणि नंतर शेकत बसताना. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या इश्गल या छोट्या गावातून कोरोना अनेक देशांत गेला. त्यात मोठा वाटा होता स्कीइंगनंतर गच्च भरणाऱ्या बारचा. आइसलँडनं ५ मार्चलाच इश्गलला धोक्याच्या यादीत टाकलं होतं.

गुलमर्गला हीच गोष्ट टंगमर्गपासून सुरू होते. बर्फ पडला की साध्या गाड्या तिथेच थांबतात आणि पुढचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या सुमोतून जावं लागतं. माणशी भाडं वाचवायला अनोळखी लोकांबरोबर दाटीवाटीनं बसायचं, काचा घट्ट बंद. अख्ख्या सहलीतला सगळ्यात वाईट अर्धा-पाऊण तास हाच, असं माझं मत. गाडी आपल्याच माणसांची करा आणि दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. भाड्याच्या कोटाची आणि गमबुटांची मात्र उगाच धास्ती नको. मोजे नि हातमोजे स्वतःचे असले की पुरे. स्कीच्या काठ्या सॅनिटायझरनं पुसून काढणारी मंडळी नंतर कोंदट टपरीत खांद्याला खांदा लावून मॅगी खाताना दिसतात, त्याला काय म्हणावं!

मग गोंडोला, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणारा रोपवे. केबिन सहा जणांची, बंद. २०२०-२१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडनं उतारावर नेणाऱ्या स्की-लिफ्ट चालू ठेवल्या, पण मास्क सक्तीचा आणि बंद केबिनमध्ये दोन-तृतीयांशच माणसं. फ्रान्सनं लिफ्ट बंदच ठेवल्या. आपल्याकडे केबिनपेक्षा रांगेचा प्रश्न मोठा. पायाला स्की बांधलेल्या माणसांमध्ये स्कीच्या लांबीएवढं अंतर आपोआप राहतं. गुलमर्गच्या रांगेत मात्र बहुतेक नुसते पर्यटक असतात, त्यामुळे नवरात्रात वणीच्या गडावर ट्रॉलीसाठी होते तशी रेटारेटी होते. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ धरा, केबिन शक्यतो आपल्याच कुटुंबाची होऊ द्या. खिडकी उघडत असेल तर उघडा.

मास्कच्या तक्रारी दोन: ओला होतो आणि गॉगलवर वाफ धरते. ओला मास्क बदलायचाच. सुके तीन-चार जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ते गार आणि दमट होतात. गळ्यातला बफ (गळ्याभोवतीची कापडी नळी) वर ओढला म्हणजे मास्क झाला असं नाही. वाफेसाठी नाकावरची पट्टी नीट दाबून बसवा. गॉगल कपाळावर सरकवू नका, घामानं तो आतून धुरकट होतो. आतली काच हातमोज्यानं पुसली की वाफ रोखणारा लेप जातो आणि मग काही केल्या साफ दिसत नाही.

आता ऑक्सिमीटर. हे यंत्र घरोघरी आलं, पण उंचीवर ते कसं वाचायचं हे कुणी शिकवलं नाही. कोंगडोरीला, गोंडोलाच्या मधल्या स्टेशनवर, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी कॉलेज रोडच्या मेडिकलमधून आणलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८४ टक्के. काका मटकन बाकावर बसले, काकूंनी नाशिकच्या डॉक्टरांना फोन लावला. बोटं गारठून निळी पडली होती. पुतणीनं त्यांचा हात पाच मिनिटं आपल्या काखेत धरला, पुन्हा लावलं, ९०.

आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. गुलमर्ग २,६५० च्या आसपास, कोंगडोरी तीन हजारांवर, अफरवाट डोंगरावरचं गोंडोलाचं वरचं स्टेशन चार हजारांच्या जवळ. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून निरोगी माणसाचाही आकडा उतरतो. ‘९४ च्या खाली म्हणजे हॉस्पिटल’ हा घरी शिकलेला नियम वर जसाच्या तसा लागू होत नाही. रोज सकाळी, बोटं गरम करून, शांत बसून आकडा लिहून ठेवा. घरचा, श्रीनगरचा, गुलमर्गचा. बरोबरच्यांचे ८९-९० असताना एकाचाच ७८ असेल तर ते गंभीर. डोकेदुखी आणि मळमळ उंचीमुळेही होते. ताप आणि वास न येणं हे मात्र उंचीच्या खात्यावर टाकू नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, तर कारण शोधत बसू नका. उंची असो की संसर्ग, पहिलं काम खाली उतरून ऑक्सिजन आणि डॉक्टर गाठणं.

हॉटेलात बुखारी असते, लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. सगळे तिच्याभोवती, खिडक्या बंद. संसर्गाला हे पोषकच, शिवाय धुराचं नळकांडं चोंदलं तर कार्बन मोनॉक्साइडचाही धोका. थोडी फट ठेवा. हाताला सॅनिटायझर लावून लगेच बुखारी किंवा कांगडीपाशी (निखाऱ्यांचं काश्मिरी मडकं) हात नेऊ नका, अल्कोहोल पेट घेतं.

बुकिंगच्या बाबतीत इटलीचं उदाहरण लक्षात ठेवा: १५ फेब्रुवारी २०२१ ला लिफ्ट उघडणार होत्या आणि आदल्या संध्याकाळी बंदीचा आदेश निघाला. पैसे परत मिळणार की नुसती क्रेडिट नोट, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

परतीच्या चाचणीचा विसर तर हमखास पडतो. २५ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्रानं दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना निगेटिव्ह आरटीपीसीआर सक्तीची केली होती. विमानानं आल्यास ७२ तासांतली, रेल्वेनं आल्यास ९६ तासांतली. जाताना केलेली चाचणी तोवर शिळी झालेली असते. साथ असेल तेव्हा येण्याचे नियम निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, लॅबची वेळ दोन दिवस आधी ठरवा आणि रिपोर्टवरचं नाव आधारशी जुळतं का, ते काउंटरवरच तपासा.