कोड स्कॅनर निवडताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही पाच जण सॉफ्टवेअर बनवतो. कृषी केंद्रांचं बिलिंग, जिनिंगच्या काट्याची पावती, पतसंस्थांच्या दैनंदिन ठेवीचं ॲप, अशी आमची कामं. बरीच वर्षं सुरक्षा म्हणजे पासवर्ड जपून ठेवायचे आणि बॅकअप घ्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मग एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी करारावर सही करायच्या आधी विचारलं, "भाऊ, कोडचा सिक्युरिटी रिपोर्ट आहे का तुमच्याजवळ?"

त्या रात्री जे पहिलं कोड स्कॅनर, म्हणजे कोडमधली सुरक्षेची भोकं शोधणारं साधन, हाती लागलं ते बसवलं आणि चालवलं. सकाळी पाहतो तर चौदाशेच्या वर इशारे. दोन दिवस आम्ही ती यादी चाळत बसलो, तिसऱ्या दिवशी ती कोणी उघडलीसुद्धा नाही. खरं भोक भलतीकडेच होतं. ते सापडलं पतसंस्थेतल्या लिपिक ताईंना: पावतीच्या लिंकमधला खाते क्रमांक बदलला की दुसऱ्याच खातेदाराचं खातं उघडत होतं. त्याचं पुढे काय केलं ते सांगतोच. आधी, साधन निवडताना आम्ही जिथे जिथे घसरलो त्या जागा.

एकाच सापळ्यात सगळ्या किडी शोधणं

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावतात. त्यातल्या ल्यूरकडे, म्हणजे गंधाच्या आमिषाकडे, गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात. तोच सापळा पाहून कोणी म्हणालं की शेतात तुडतुडे नाहीत, तर आपण त्याला वेड्यात काढू. कोड स्कॅनरच्या बाबतीत मात्र आम्ही नेमकं तेच केलं. 'स्कॅन केलं, काही निघालं नाही' असं म्हणून मोकळे झालो.

हे किमान चार वेगळे सापळे आहेत. स्टॅटिक स्कॅनर तुम्ही स्वतः लिहिलेला कोड न चालवता वाचतो. सेमग्रेप, कोडक्यूएल, सोनारक्यूब, पायथनसाठी बँडिट ही त्यातली नावं. डिपेंडन्सी स्कॅनर तुम्ही आणलेल्या दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या बघतो आणि त्यांच्या आवृत्त्या ज्ञात दोषांच्या यादीशी ताडून पाहतो. ट्रिव्ही, ओएसव्ही-स्कॅनर, डिपेंडाबॉट हे त्यातले. कोडमध्ये राहून गेलेल्या चाव्या (बाहेरच्या सेवा वापरायचे गुप्त संकेत) आणि पासवर्ड हुडकायला गिटलीक्स, ट्रफलहॉग. आणि चालू ॲप्लिकेशनवर बाहेरून धडका मारून बघणारा झॅप.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेलने जगभर धावपळ उडवली. दोष लॉगफोरजे या जावा लायब्ररीत होता, गंभीरतेचे गुण १० पैकी १०. ज्या टीमकडे फक्त स्वतःचा कोड वाचणारा स्कॅनर होता, त्यांचा डॅशबोर्ड त्या दिवशीही हिरवाच होता. उलट, एखाद्या टीमकडे फक्त डिपेंडन्सी स्कॅनर असेल तर तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एसक्यूएल इंजेक्शनचं भोक (बाहेरून टाकलेल्या अक्षरांनी डेटाबेसची क्वेरी, म्हणजे विचारणा, बदलता येणं) त्याला कधीच दिसणार नाही. म्हणून 'कोणतं साधन चांगलं' हे विचारण्याआधी 'कोणत्या किडीसाठी' हे ठरवा.

तक्ता पाहून निवडणं

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक ही. कंपन्यांच्या तुलनेच्या तक्त्यात हिरव्या खुणा असतात, आपण खुणा मोजतो आणि ज्याच्या जास्त ते घेतो. आमचा बहुतेक कोड पीएचपीत आहे. कोडक्यूएलची एवढी ख्याती ऐकली, एक शनिवार त्याच्या मांडणीत घातला, आणि मग कळलं की ते पीएचपी वाचतच नाही. जावा, कोटलिन, पायथन, जावास्क्रिप्ट, गो, सी-शार्प अशा भाषांसाठी ते उत्तम आहे. आमच्या ॲपच्या कोटलिन भागाला चाललं असतं, पण मुख्य घर उघडंच राहिलं असतं.

भाषा येते म्हणजे काम झालं असंही नाही. वापरणाऱ्याने टाकलेली अक्षरं कोडमधून वाहत वाहत डेटाबेसच्या क्वेरीपर्यंत पोचतात का, हा माग काढणं हे खरं काम. सोनारक्यूबची फुकट आवृत्ती पीएचपी वाचते, पण हा माग काढणारं विश्लेषण तिच्या पैशाच्या आवृत्त्यांमध्ये आहे. सेमग्रेपची फुकट आवृत्ती एका फंक्शनच्या आत चांगली चालते, फंक्शन किंवा फाइल ओलांडून जाणारा माग मात्र पैशाच्या आवृत्तीत. पीएचपीवाल्यांसाठी साल्म (Psalm) नावाचं साधन हा माग फुकटात काढतं. त्याची मांडणी जरा किचकट आहे, पण आमच्यासाठी ते सोनं ठरलं.

हे सगळं आम्हाला तक्त्यातून कळलं नाही, एका साध्या चाचणीतून कळलं. आम्ही स्वतःच्याच जुन्या सहा चुका काढल्या, ज्या ग्राहकांनी किंवा आम्ही आधीच पकडून दुरुस्त केल्या होत्या. प्रत्येक चूक दुरुस्त होण्याच्या आधीचं कमिट (कोडची नोंदवलेली जुनी स्थिती) गाठलं आणि त्यावर एकेक साधन चालवलं. कागदावर तीन रकाने: सापडली, नाही सापडली, सोबत किती फालतू इशारे आले. त्यातली एक चूक अशी होती. जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याचं नाव शोधायची पेटी होती. नाव एका फाइलमध्ये यायचं, तिथून आमच्याच एका मदतनीस फंक्शनला जायचं, आणि ते फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये ते नाव जसंच्या तसं क्वेरीला चिकटवायचं. दोन फाइली, मध्ये एक उडी. तीनपैकी दोन साधनांनी दोन्ही फाइली वाचल्या आणि काहीच बोलली नाहीत. तिसऱ्याने नाव कुठून निघालं, कुठे वळलं आणि कुठे बुडालं, ते ओळीनिशी दाखवलं. आमचा निर्णय तिथेच झाला.

ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा बेंचमार्क नावाचा एक तयार संच आहे, त्याच्या जावा आवृत्तीत २,७४० चाचण्या आहेत. जावाच्या टीमने तो जरूर चालवावा. पण साधनं बनवणाऱ्यांनाही तो संच माहीत असतो. तुमच्या जुन्या चुका मात्र फक्त तुमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) आहेत. माझा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे.

पहिल्याच दिवशी बिल्ड अडवणं

नवं साधन आलं की उत्साहात 'एकही इशारा असेल तर बिल्ड थांबव' असं करून ठेवतात. (बिल्ड म्हणजे कोडपासून ॲप तयार करण्याची आपोआप चालणारी प्रक्रिया.) आम्हीही केलं. जुन्या कोडमधले शेकडो इशारे वर आले, खरेदीचा हंगाम तोंडावर, ग्राहकाची दुरुस्ती अडकलेली, आणि आमच्यातल्या एका पोराने रात्री अकराला स्कॅनची पायरीच काढून टाकली. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

बोंडअळीच्या बाबतीत सल्ला असा असतो की पतंग दिसला म्हणून फवारायचं नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले की मग फवारणी. इशाऱ्यांचीही अशी पातळी आधी ठरवावी लागते. आम्ही ठरवली ती अशी: जुने इशारे गोठवून एका यादीत ठेवले, बिल्ड अडतं ते फक्त नव्या बदलातल्या गंभीर इशाऱ्यावर. बहुतेक साधनांना 'या कमिटच्या पुढचंच बघ' असं सांगता येतं.

लायब्ऱ्यांच्या दोषांत नुसते सीव्हीएसएसचे (गंभीरतेचे) गुण पाहून धावू नका. ९.८ गुणांचा दोष असतो, पण ते फंक्शन तुमच्या कोडमध्ये कुठे बोलावलेलंच नसतं. त्यापेक्षा अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेची केव्ह यादी बघा. नोव्हेंबर २०२१ पासून सुरू असलेल्या या यादीत प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेले दोषच येतात. जोडीला ईपीएसएस हा आकडा पुढच्या ३० दिवसांत त्या दोषाचा गैरवापर होण्याची शक्यता सांगतो. दोन्ही फुकट आहेत.

आणि एखादा इशारा चुकीचा म्हणून दाबायचा असेल, तर दाबणाऱ्याने त्या ओळीशेजारी कारण आणि तारीख लिहावी. सहा महिन्यांनी ते कारण तुमचं तुम्हालाच आठवत नाही.

स्कॅनरला जेवायलाच न देणं

डिपेंडन्सी स्कॅनर लॉक फाइल वाचतो, म्हणजे कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती बसवली याची नोंद. आमच्या दोन प्रकल्पांत कंपोझरची (पीएचपीच्या लायब्ऱ्या बसवणाऱ्या साधनाची) लॉक फाइल रेपोत टाकलीच नव्हती, त्यामुळे कोणती नेमकी आवृत्ती चालू आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. त्याने शून्य दोष दाखवले आणि आम्ही खूश झालो.

दुसरं दुखणं आपल्या भागातल्या जुन्या प्रकल्पांत सर्रास दिसतं: कधीतरी कोणी पेन ड्राइव्हवरून आणून फोल्डरमध्ये टाकलेली जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची फाइल. ती कोणत्याही लॉक फाइलमध्ये नसते, म्हणून बरेच स्कॅनर तिच्यावरून पुढे निघून जातात. जेक्वेरीच्या ३.५.० च्या आधीच्या आवृत्त्यांत स्क्रिप्ट घुसवता येण्याचे दोष आहेत, ते एप्रिल २०२० मध्ये दुरुस्त झाले. अशा सुट्या फाइली ओळखायला रिटायर-जेएस हे साधन आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

चावी पुसली म्हणजे सुटलो असं मानणं

गिटलीक्स चालवलं तेव्हा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची आमची चावी तीन वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये सापडली. ती नंतर कधीतरी काढली होती, पण गिटच्या, म्हणजे कोडचे सगळे जुने बदल जपणाऱ्या साधनाच्या, इतिहासात जशीच्या तशी होती आणि अजून चालत होती. चावी एकदा रेपोत गेली की ती फुटली असंच धरा. आधी सेवेच्या पॅनलमध्ये जाऊन ती रद्द करा, नवी काढा, मग इतिहास साफ करायचा की नाही ते बघा. क्रम उलटा केला तर साफसफाईच्या दोन दिवसांत जुनी चावी चालूच राहते. ट्रफलहॉगचा एक फायदा असा की अनेक सेवांच्या बाबतीत सापडलेली चावी अजून जिवंत आहे का, हे ते स्वतः तपासून सांगतं.

चावीच्या मागून डेटा गेला असेल तर वेळ फार थोडा असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (सर्व्हरच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. लहान टीमलाही हे लागू आहे.

पैसे, इंटरनेट आणि करार

दर कशावर आकारतात ते आधी वाचा. सोनारक्यूब कोडच्या ओळींवर घेतं. गिटहब या कोड ठेवायच्या सेवेने एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षा विभागून विकायला काढली, कोड तपासणी दर कमिट करणाऱ्यामागे महिन्याला ३० डॉलर आणि चाव्यांची तपासणी १९ डॉलर. त्यात गेल्या ९० दिवसांत कमिट करणारा प्रत्येक जण मोजला जातो, म्हणजे उन्हाळ्यात शिकायला आलेली दोन पोरंही. डिपेंडाबॉटचे इशारे मात्र खाजगी रेपोलाही फुकट आहेत.

आपल्याकडे रस्ता खोदला की फायबर तुटतो, आणि दोषांची यादी उतरवणारा स्कॅनर मध्येच मरतो. ओवॅस्पचं डिपेंडन्सी-चेक पहिल्या वेळी एनव्हीडी या अमेरिकेच्या दोष-नोंदवहीची अख्खी यादी ओढतं, आणि एपीआय चावी नसेल तर ते रडतरखडत चालतं. चावी फुकट मिळते, ती घ्या. ट्रिव्हीची यादी रात्री उतरवून ठेवली तर दिवसा ती न बदलता स्कॅन चालवता येतं.

स्कॅन तुमच्या संगणकावर होतो की कोड बाहेर जातो, हेही विचारा. ग्राहकाच्या करारात कोड बाहेर न देण्याची अट असेल तर हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

झॅप चालू सर्व्हरवर सोडणं

हे आम्ही केलंय, म्हणून कळवळून सांगतो. झॅपचा सक्रिय स्कॅन प्रत्येक फॉर्म भरून पाठवतो. हंगामात एका जिनिंगच्या चालू सर्व्हरवर तो सोडला. दुपारी तिथून फोन आला, "भाऊ, ह्या कोणत्या पार्ट्या दिसून राहिल्या काट्याच्या यादीत?" खऱ्या शेतकऱ्यांच्या पावत्यांमध्ये अवतरणचिन्हं आणि कंसांनी भरलेली नावं घुसली होती. संध्याकाळपर्यंत एकेक नोंद हाताने काढली, काट्यावर गाड्यांची रांग लागली. चाचणीचा वेगळा सर्व्हर, त्यावर खोटा डेटा, आणि मगच झॅप.

स्कॅनरलाच आंधळेपणाने आत घेणं

स्कॅनर तुमच्या पाइपलाइनमध्ये (बिल्ड आणि चाचण्यांच्या साखळीत) बसतो आणि तिथल्या चाव्या त्याच्या हाताशी असतात. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाइल्स ही गिटहब ॲक्शन (बिल्डमध्ये जोडायची तयार पायरी) कोणीतरी ताब्यात घेतली आणि जुने टॅगसुद्धा (आवृत्त्यांची नावं) घातक कोडकडे वळवले. ती २३,००० हून जास्त रेपोंमध्ये वापरात होती, आणि ज्यांच्या बिल्डमध्ये ती त्या काळात चालली त्यांच्या चाव्या लॉगमध्ये छापल्या गेल्या. बाहेरची कोणतीही ॲक्शन टॅगने नको, पूर्ण कमिट हॅशने (त्या कमिटच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) बांधा.

स्कॅनरला न दिसणारं त्याच्याकडून मागणं

आता त्या लिपिक ताईंचं भोक. ओवॅस्पच्या २०२१ च्या टॉप टेन यादीत पहिला क्रमांक प्रवेशाधिकार मोडण्याचा आहे, म्हणजे ज्याला जे बघायचा हक्क नाही ते त्याला दिसणं. त्या ॲपच्या कोडमध्ये क्वेरी सुरक्षित होती, लायब्ऱ्या ताज्या होत्या, चाव्या बाहेर नव्हत्या. फक्त 'हे खातं ह्याच माणसाचं आहे का' ही एक ओळ लिहायची राहिली होती. लिहिलेल्या ओळीतली चूक साधन दाखवेल. हे खातं कोणाचं, हा पतसंस्थेचा नियम त्याला कोण सांगणार?

म्हणून आम्ही चाचणीच्या डेटाबेसमध्ये दोन खोटे खातेदार तयार केले. प्रत्येक बिल्डला पहिल्या खातेदाराच्या लॉगिनने दुसऱ्याची पावती, खातं, कर्जाचा तपशील, पत्ता असं एकेक मागितलं जातं, आणि प्रत्येक वेळी ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', यायलाच हवं. नवं पान बनलं की ते या यादीत घालायची जबाबदारी ते पान बनवणाऱ्याचीच. गेल्या महिन्यात ही चाचणी एकदा अडली. वारसदाराच्या नोंदीचं नवं पान होतं, आणि त्यात तीच एक ओळ राहिली होती.