छाट कलम करताना या चुका टाळा: काडी फुटते, पण मूळ धरत नाही

जास्वंदीची किंवा बोगनवेलीची काडी कुंडीत खोचली, काही दिवसांत तिला कोवळे फुटवे आले आणि महिना उलटण्याआधीच ती बुडापासून काळी पडली, अशी तक्रार नाशिकच्या घरगुती बागांमध्ये दर पावसाळ्यात ऐकू येते. काडीत साठलेल्या अन्नाच्या जोरावर डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, अनेकदा आधी फुटतात आणि मुळे मागाहून येतात. त्यामुळे पालवी दिसताच कलम लागले असे समजून कुंडी उन्हात सरकवणे, तिला खत घालणे किंवा काडी उपटून मोठ्या कुंडीत लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. काडी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढली असता ती अडली, तर मूळ धरले असे मानावे. मात्र ही परीक्षा रोज घेतली, तर नुकती फुटलेली मुळे आपल्याच हाताने तुटतात.

दुसरी चूक काडीच्या निवडीत होते. काडी पक्व झाली की नाही, हे द्राक्षबागेत नजरेने ओळखणारे आपण घरच्या बागेत मात्र छाटणीत हाती येईल ते लावतो. हिरवा शेंडा लगेच माना टाकतो, तर जुने जाड लाकूड मुळे सोडण्यास फार वेळ घेते. पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यावी, खालचा काप पेराच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, लगेच खाली धारदार व स्वच्छ कात्रीने द्यावा आणि कळ्या, फुले व खालची पाने काढून टाकावीत. वरची दोन पाने ठेवायची असल्यास ती अर्धी कापावीत. ढीगभर काड्या एकदम कापल्या की वरचे टोक कोणते हा घोळ होतो आणि काडी उलटी लागते. म्हणून खालचा काप तिरका व वरचा सरळ ठेवण्याची सवय चांगली.

माध्यमाच्या, म्हणजे काडी ज्यात खोचतो त्या मिश्रणाच्या, बाबतीत आपली काळी माती घात करते, कारण ती पाणी धरून ठेवते आणि काडीच्या बुडाला हवा मिळू देत नाही. धुतलेली वाळू आणि क्षार निघून जातील इतके धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सम प्रमाणात घेतले, तर घरच्या कामाला पुरते. शेणखत या टप्प्यावर नकोच. काडीला बुडाशी हवा आणि पानांभोवती ओलावा लागतो, आपण मात्र नेमके उलट करतो: बुडाशी पाण्याचा रतीब घालतो आणि पाने वाऱ्यावर सोडतो. कुंडीवर पारदर्शक पिशवी घालून ती सावलीत ठेवावी. हीच पिशवी उन्हात ठेवली, तर आतली काडी अक्षरशः शिजते.

कृषी सेवा केंद्रातून संजीवक, म्हणजे झाडाच्या वाढीवर परिणाम करणारे द्रव्य, आणताना विशेष काळजी घ्यावी. द्राक्षमणी लांबवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे जीए, म्हणजे जिब्रेलिक आम्ल, मुळे फुटण्यास मदत करत नाही, उलट अडथळा आणते. आपल्याला हवे असते ते आयबीए, म्हणजे मुळे फुटण्यास मदत करणारे इंडोल ब्युटिरिक आम्ल. तेही जास्त लावल्याने लवकर मूळ येते असे नाही, उलट बूड करपते. जास्वंद आणि मोगरा तर संजीवकाशिवायही बऱ्यापैकी लागतात.

बिघाड ओळखण्यासाठी काडीचे बूड पाहावे. ते काळे व मऊ असेल, तर पाणी जास्त झाले आहे. ती काडी फेकावी आणि तेच माध्यम पुन्हा वापरू नये. बूड हिरवे पण पाने मलूल असतील, तर हवा कोरडी पडली आहे. बुडाशी पांढरट गाठ आली असेल, तर ती केवळ जखम भरून आल्याची खूण आहे. मुळे अजून यायची आहेत, तेव्हा काडी पुन्हा खोचून धीर धरावा. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत ही वाट फार लांबते, एप्रिल-मेमध्ये काडी आधी सुकते, म्हणून पावसाळ्याचा काळच सोयीचा.

सर्वच झाडांना एक नियम लागू होत नाही. चाफ्याच्या फांदीचा चीक निथळून काप काही दिवस सावलीत सुकू द्यावा लागतो, तर कण्हेरीचा चीक विषारी असल्याने काप घेतल्यावर हात धुणे आवश्यक आहे. संकरित गुलाबाच्या काड्यांमागे लागण्यापेक्षा गावठी गुलाबाच्या खुंटावर (मुळे असलेल्या रोपावर) संकरित गुलाबाचा डोळा बसवणे, म्हणजेच डोळा भरणे, मला अधिक शहाणपणाचे वाटते. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात, म्हणून तिची काडी सुरुवातीलाच रोपांच्या प्लास्टिक पिशवीत लावावी आणि कुंडीत हलवताना रोप ओढून न काढता पिशवी ब्लेडने चिरून मातीच्या गोळ्यासकट बसवावे.